असगंधाच्या बाटलीवरचा एक शब्द

देवास, मार्गशीर्ष वद्य द्वितीया, शके १८३१

तात्या,

तुम्ही गेल्यापासून अकरा वर्षांत मी तुम्हांला एक ओळ लिहिली नाही, त्याची आधी माफी मागतो. रोजनिशी नेमाने लिहितो. तिच्यात शाळेची तपासणी येते, कुणाचे लग्न येते, कुणाचा ताप येतो, तुम्ही येत नाही. तुमच्याबद्दल लिहायला बसलो की माझा हात फार सभ्य होतो, आणि त्या सभ्य हाताने उतरलेले वडील मला ओळखू येत नाहीत. आज हात सभ्य नाही. आज मी रागावलेला आहे, आणि ज्या गोष्टीवर रागावलो आहे ती तुमच्यावाचून दुसऱ्या कुणाला नीट कळणार नाही. तुमचा असगंध बाटलीत भरून विकला जातो आहे. त्याबद्दल मला राग नाही. ती बाटली पिऊन माझ्या शाळेतला एक माणूस उभ्याउभ्या वाळत चालला आहे, याबद्दल आहे.

असगंध म्हटले की मला आपले धारचे स्वयंपाकघर आठवते. आई लोखंडी कढईत दूध आटवते आहे, त्यात तुम्ही चिमटीने चूर्ण सोडता आहात, आणि सगळ्या घराला तबेल्याचा वास सुटला आहे. मी आणि धाकट्या काकांचा मुलगा, दोघे नाक धरून खिंकाळत ओसरीभर धावतो आहोत. तुम्ही रागावत नाही. "घोड्याचा वास आहे म्हणूनच तर नाव अश्वगंधा," म्हणता, आणि आम्हां दोघांच्या तळहातावर मुळीचा एकेक तुकडा ठेवता. तो कडू तुकडा त्याने थुंकला आणि मी गिळला. तेव्हा मला वाटले होते की आमच्यात शहाणा मी.

तुमच्याकडे येणारे निम्मे लोक एकच वाक्य घेऊन यायचे. बदनावरकडचा एक पटेल मला स्पष्ट दिसतो. उंच, हाडापेराने मोठा, आणि पायरी चढताना भिंतीला धरणारा. "बैदजी, म्हारे से तो उठ्यो नी जाय," तो म्हणाला. तुम्ही नाडी पाहिली, जीभ पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, आणि विचारले, "पटेल, सोते कितना हो?" त्याने सांगितले की विहिरीवर मोट चालू आहे, भाऊबंदकीचा दावा चालू आहे, झोप कसली. "तो पहले आठ दिन सो के आओ. दवा बाद में." पटेल खवळला. "सोवा वास्ते बदनावर से आयो हूँ कई?" तुम्ही हसलात आणि त्याला रिकाम्या हाताने पाठवलेत. पंधरा दिवसांनी तो परत आला तेव्हा त्याने भिंत धरली नव्हती. त्या दिवशी तुम्ही त्याला चूर्ण दिलेत, आणि पथ्य तीनदा त्याच्याकडून म्हणवून घेतलेत: चाळीस दिवस दिवेलागणीनंतर काम नाही, दोन प्रहरी जेवून पडायचे, कचेरीत दाव्याची तारीख असेल तर पुढली मागायची. तो गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "अशक्तपणा निराळा आणि शीण निराळा. ह्याला शीण आहे. शिणलेल्या माणसाला नुसते चूर्ण दिले तर ते चूर्ण त्याला आणखी कामाला लावील." मी तेव्हा इंग्रजी शाळेत जात होतो, आणि हे मला जुन्या लोकांचे बोलणे वाटले होते.

पुढे बी.ए.च्या परीक्षेआधी मी इंदूरहून धारला आलो, डोळे लाल, आणि तुमच्याकडे असगंध मागितला. मला चांगले आठवते, तुम्ही खलबत्त्यातून मान वर केली नाहीत. "पुस्तक मीट, चार दिवस नीज, मग देतो." मी म्हणालो, परीक्षा तुमच्या नाडीसाठी थांबणार नाही. त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी पुष्कळ दिवस मनात ठेवून होतो. तुम्ही म्हणालात, "मी वैद्य आहे. थकलेल्या बैलाला टोचायची आर तुला हवी असेल तर ती सुताराकडे मिळते." मी तुमच्या नकळत बरणीतून मूठभर चूर्ण घेतले, तीन दिवस पाण्याबरोबर फाकले, आणि चौथ्या दिवशी पोट असे बिघडले की इतिहासाचा पेपर मी अर्धाच लिहिला. पास झालो. तुम्हांला हे कळले होते का, मला ठाऊक नाही. बरणीतले चूर्ण कमी झालेले तुमच्या नजरेतून सुटले असेल असे मला वाटत नाही.

आता बाटलीचे सांगतो. तुमच्यामागे दुकान धाकट्या काकांच्या मुलाकडे गेले, ते ठीकच झाले; मी इथे शाळेत, मला मुळ्यांतले काही कळत नाही. तीन वर्षांपूर्वी त्याने असगंधाचा काढा आंबवून, त्याचे अरिष्ट करून बाटल्या भरायला सुरुवात केली. काळ तसाच आहे. प्रत्येक वर्तमानपत्रात शेवटचे पान मेंदूच्या थकव्यावर, मज्जातंतूंच्या दुर्बलतेवर, स्मरणशक्तीवर कसल्या ना कसल्या बाटल्या विकते. त्याने मला लिहिले, "दादा, थोरल्या काकांचे औषध आहे, त्यावरचा कागद तुझ्याच हातचा हवा. तुझ्यासारखे मराठी माळव्यात आता उरले आहे कुणाकडे?" मला हे आवडले. का आवडू नये? इथली मुले मराठी बोलताना मधेच हिंदीत जातात आणि परत येत नाहीत. शीण हा शब्द माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना माहीत नाही, ती सगळ्याला कमजोरी म्हणतात. मी दोन दिवस बसून बाटलीबरोबर द्यायचा कागद लिहिला. गुण लिहिले, दुधाचे अनुपान लिहिले, तुमचे पथ्य चार ओळींत लिहिले. त्याचे उत्तर आले, कागद एवढासा आहे, पथ्य एका ओळीत बसव. मी बसवले: "याला पथ्य कठीण नाही." खाली माझे नाव आणि बी.ए. घातले गेले.

माझ्या शाळेत गणिताचे एक शिक्षक आहेत. मराठा घराणे, पूर्वज दरबाराबरोबर इकडे आलेले, घरात तलवार आहे आणि खायला नोकरी. वय छत्तीस. त्यांच्यासारखे त्रैराशिक शिकवणारा मी दुसरा पाहिला नाही. तुम्ही देवासला फारसे आला नाहीत, म्हणून सांगावे लागते की इथे एका गावात दोन राज्ये आहेत, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि दोहोंमध्ये कित्येक ठिकाणी नुसता रस्ता आहे. हे गृहस्थ सकाळी दहा ते दोन या बाजूला शाळेत शिकवतात, आणि अडीच वाजता रस्ता ओलांडून त्या बाजूच्या कचेरीत दिवे लागेपर्यंत कागदांच्या नकला करतात. दोन्ही बाजूंना हे ठाऊक आहे. दोघांनाही ते सोयीचे आहे. चार वर्षे असे चालले आहे.

गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून त्यांचे डोळे आत गेले. मी विचारले तर, "थोडी थकान आहे साहेब, बस. औषध चालू आहे." या आश्विनात मी त्यांच्या वर्गावरून जात होतो आणि आतून काही आवाज येईना. पाहतो तर ते फळ्याकडे तोंड करून उभे आहेत, खडू फळ्याला टेकलेला, सात आणि आठ यांच्यामध्ये गुणाकाराचे चिन्ह काढलेले, आणि पुढे काही नाही. वर्ग चिडीचूप होता. मुले त्यांना घाबरून गप्प नव्हती, त्यांच्यासाठी घाबरून गप्प होती. मी हाक मारली. ते वळले आणि मला म्हणाले, "साहेब, हे किती होतात हो?"

मी त्यांना सरकारी डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सगळे ठोकून पाहिले आणि सांगितले की रोग काही नाही, दोन महिने विश्रांती द्या. नाही दिलीत तर पुढे मला रोग सापडेल. दुसऱ्या दिवशी दुपारी शिक्षकांची बायको आमच्याकडे आली. माझ्या बायकोशी बोलत होती, पण आवाज मला ऐकू यावा एवढा ठेवून. "वहिनी, आधी दोन चमचे घेत होते, आता चार घेतात. घेतले की तासभर अंगात ऊब येते, तेवढ्यात रस्ता ओलांडतात. मी म्हटले, अहो, दोन दिवस पडा तरी. तर बाटलीचा कागदच वाचून दाखवतात मला. म्हणतात, पथ्य नाही यावर लिहिले आहे, आणि हेडमास्तरांनी लिहिले आहे." मग ती म्हणाली, "मला वाचता येत नाही. खरेच तसे लिहिले आहे का?"

तिने आणलेली बाटली मी हातात घेतली. सगळ्यांत वर, ठसठशीत अक्षरांत: याला पथ्य नाही. खाली माझे नाव, बी.ए. तीन वर्षे तो कागद माझ्या कपाटात होता आणि छापल्यानंतर मी तो एकदाही उलगडून वाचला नव्हता. तात्या, मला इतका राग आला की पुढच्याच सुट्टीत मी टांगा करून इंदूर गाठले, तिथून रेल्वेने महू, पुढे पुन्हा टांगा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी धारला तुमच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. अंग धुळीने भरले होते आणि सगळी वाक्ये तोंडपाठ होती.

"या, बी.ए. साहेब," धाकट्या काकांचा मुलगा म्हणाला. "पाय धुवा. कुणी मेले का?"

"अजून नाही," मी म्हणालो. "कठीण हा शब्द कुठे गेला?"

त्याला आधी कळेना. मग मी बाटली पुढे ठेवली आणि बोलत सुटलो. तुमचे नाव घेतले, बदनावरच्या पटेलाचे सांगितले, वैद्याने शब्द चोरला तर चोर आणि वैद्य यांत फरक काय, असेही काहीसे म्हणालो. माझे संपल्यावर तो म्हणाला, "दादा, थोरल्या काकांचे पथ्य पाळायला शेतकरी लागतो. पेरले की तो चार दिवस मोकळा. माझ्याकडे येतात वकील, कारकून, मास्तर, तारखात्यातले लोक. त्यांची पेरणी रोज असते. त्यांना मी म्हटले, चाळीस दिवस पडा, तर ते पडतील का? ते शेजारच्या दुकानात जाऊन दारूचा अर्क घेतील. माझ्या बाटलीत निदान असगंध आहे."

"म्हणून खोटे छापायचे?"

"मी छापले नाही खोटे." तो आत गेला आणि कागदांची एक दोरीने बांधलेली चवड घेऊन आला. त्याची सगळी कागदपत्रे अशी बांधलेली असतात, हे मला माहीत नव्हते. मी त्याला नेहमी गबाळा समजत आलो. त्याने छापखान्याचा कच्चा कागद काढून माझ्यासमोर धरला. माझ्याकडे तपासायला आलेला. माझे अक्षर, माझी तांबडी शाई. "कठीण" हा शब्द तुटून पुढच्या ओळीवर गेला होता, ओळ आखूड पडून वाईट दिसत होती, आणि त्या शब्दावर एक सरळ, नीट रेघ मारलेली होती. समासात मीच लिहिले होते: सुटसुटीत करावे.

"मला वाटले, तुला तसेच म्हणायचे आहे," तो म्हणाला. "तू शिकलेला. मी कोण विचारणार? ओळ चांगली होती, भिया, म्हणून मी ती वर घेतली."

मी जेवायला न थांबता निघणार होतो, पण त्याच्या बायकोने ताट वाढले होते. जेवलो. नवीन कागद छापताना पथ्याच्या चारही ओळी घालीन, असे त्याने कबूल केले. छापलेले आधी संपू दे म्हणाला. यावरही मी रागावलो, पण तो राग आता मला पेलवत नव्हता.

परत येताना सगळ्या वाटेने मी स्वतःला एकच प्रश्न विचारत होतो. रेघ मारताना अर्थ उलटतो हे मला दिसले नाही का? मी मुलांना रोज शिकवतो, वाक्यातला फालतू शब्द काढा. तो शब्द फालतू वाटला म्हणून काढला, असे म्हणून सुटता येईल. पण मला आता आठवते, किंवा आठवल्यासारखे वाटते, की "याला पथ्य नाही" हे वाचून मी क्षणभर थांबलो होतो, आणि मला ते भरदार वाटले होते. खरे आहे की नाही हे मी त्या क्षणी विचारले नाही. कानाला बरे लागते का, तेवढे पाहिले. तुम्ही एका पटेलाकडून पथ्य तीनदा म्हणवून घेत होता, आणि मी ते एका रेघेत मोडले. शिवाय माझ्या नावापुढे बी.ए. छापून आले याचा आनंद झाला होता. तेवढा होता, हे लिहितो.

देवासला येऊन मी दोन अर्ज केले, दोन महिन्यांच्या रजेचे, डॉक्टरांचा दाखला जोडून, एक या पातीत आणि एक त्या पातीत. कोणती कोणती ते लिहीत नाही, कारण दोन्हीकडून उत्तर एकच मिळाले. पहिल्या ठिकाणचे अधिकारी म्हणाले, "आमच्याकडे तर चारच तास आहेत. चार तासांनी कोण थकतो? थकवतात ते पलीकडचे. रजा त्यांनी द्यावी." मी रस्ता ओलांडला. पलीकडचे म्हणाले, "मूळ नोकर तुमचा. तुम्ही दिवसभराची ताकद काढून घेता आणि उरलेला माणूस आमच्याकडे पाठवता, आम्ही तक्रार केली का कधी? आधी त्यांची रजा आणा, मग आमची पाहू." आणि वर हसून, "मास्तरांना तुमची ती बाटली द्या की. आमच्या कचेरीत सगळेच घेतात." मी पुन्हा रस्ता ओलांडला. असा मी त्या आठवड्यात पाच वेळा गेलो आलो. एक माणूस दोन राज्यांना पुरतो, आणि दोन राज्यांना मिळून त्या माणसाला साठ दिवस देता येत नाहीत; हे मी त्यांना तोंडावर बोललो, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही, हे तुम्हांला सांगायला नको.

आज सकाळी गावच्या टेकडीखाली गणिताच्या शिक्षकांच्या घरी गेलो. ते अंगणात उन्हात बसले होते, पायांवर घोंगडी. दोन्हीकडचे उत्तर सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे साहेब, मी मेलो तर सुतक कोणत्या पातीने पाळायचे, यावरही वाद होणार." त्यांची बायको आतून म्हणाली, "असले बोलू नका सकाळी." ते म्हणाले, "मग दुपारी बोलतो." आणि आम्ही दोघे हसलो, आणि हसता हसता त्यांना धाप लागली.

मी म्हणालो, उद्यापासून दहा वाजता यायचे, हजेरीवर सही करायची आणि माझ्या खोलीत आरामखुर्चीवर पडायचे. दार मी बाहेरून लोटून घेईन. दोनपर्यंत कुणी उठवणार नाही. तुमचे तास मी घेईन. "साहेब, गणित?" ते म्हणाले. मी म्हणालो, गणित. "आणि तपासनीस आले तर? हजेरी खोटी ठरेल." मी म्हणालो, हजर म्हणजे हजर, निजलेल्या हजराचा निराळा रकाना कुणी आखलेला नाही. हे मला शोभत नाही हे मला कळते. आजवर मी हजेरीत एक मिनिट इकडचे तिकडे होऊ दिलेले नाही. अडीच नंतरचे माझ्या हातात नाही, पलीकडच्या नकला त्यांना कराव्याच लागतील. म्हणजे तुमचे पथ्य निम्मेच होईल. निम्म्याने काय होते, हे विचारायला तुम्ही नाही.

हे पत्र या वहीतच राहील. दोन गोष्टी मात्र लिहिल्याशिवाय वही मिटत नाही. पहिली अशी की त्यांचे तास घ्यायला मला कुठल्याच दरबाराची परवानगी लागत नव्हती. हे मला गेल्या वर्षीच्या दिवाळीतही करता आले असते. मी आधी रागावण्यात, मग धारला जाण्यात, मग अर्ज करण्यात दिवस घालवले. दुसरी अशी की आज निघताना त्यांनी बाटलीचा कागद पुढे केला आणि विचारले, "मग हे असे कसे छापले, साहेब?" आणि मी म्हणालो, छापखान्याची चूक. त्यांनी लगेच मान हलवली. खरे सांगितले तर ते माझी समजूत घालत बसतील आणि तेही श्रम त्यांनाच पडतील, असे मी स्वतःला सांगतो आहे. कारण इतके चांगले नाही. मला त्यांच्यासमोर लाज वाटली.

उद्या: शाळेत जाण्यापूर्वी त्रैराशिकाची दहा उदाहरणे स्वतः सोडवून पाहणे.